‘असावा’ आणि ‘आहे’

‘पुरावा’ या शब्दात ‘पुरा’ हा शब्द ऐकू येतो. व्युत्पत्तिकार त्याविषयी काय म्हणतील ते म्हणोत, पण मराठी कानाला पुरावा म्हणजे पुरे करणारी, उणीव भरून काढणारी गोष्ट वाटते. म्हणूनच ‘अपुरा पुरावा’ हा वृत्तपत्रांतला नेहमीचा प्रयोग मला पूर्वी विचित्र वाटत असे. जो पुरतच नाही तो पुरावा कसला? पुढे खुनाच्या काही खटल्यांची निकालपत्रे वाचण्याचा नाद लागला आणि लक्षात आले, की न्यायालयात येणारा बहुतेक पुरावा अपुराच असतो. ही अपुरेपणाची जागा कोण भरतो आणि कशाने, हा खरा प्रश्न आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. परंतु हा प्रश्न शेवटी वाचनाचा आहे आणि वाचनाविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आपल्या व्यवसायातल्या माणसांना आहे, असे मी मानतो.

आमच्या जिल्ह्याला खुनाच्या खटल्याचे वेगळे महत्त्व सांगावे लागत नाही. ३ जून २००६ रोजी पवनराजे निंबाळकर आणि त्यांचे वाहनचालक समद काझी यांची नवी मुंबईत कळंबोलीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, २००९ मध्ये तेव्हाचे खासदार पद्मसिंह पाटील यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला आणि खटला मुंबईत वर्षानुवर्षे चालला. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे इथे वेगळे सांगायला हवे. कारण त्या काळात जिल्ह्यात ते कुणीच सांगत नव्हते. दोषारोपपत्राचे एक पानही न पाहिलेली माणसे, दोन्ही बाजूंची, निकाल खिशात घेऊन फिरत होती. ‘त्यांनीच केलं असणार’ आणि ‘ते कसं करतील’ या दोन वाक्यांमध्ये जिल्हा वाटला गेला होता. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून कोण कोणते वाक्य उच्चारतो, यावरून त्याचे गाव, गट आणि मागच्या निवडणुकीतले मत सहज ओळखता येई. माणसे पुराव्याकडून निष्कर्षाकडे जात नाहीत, निष्कर्षाला पुरावा जोडतात, हे मी पुस्तकांतून शिकण्याआधी इथे पाहिले.

या जोडण्याच्या क्रियेचा सर्वांत मोलाचा विचार ज्या खटल्यात झाला, तो आमच्या शेजारच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. माहेर बीडचे असलेल्या एका पदवीधर तरुणीचे लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये पुण्यातल्या एका रसायन अभियंत्याशी झाले. चार महिन्यांनी, ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री, पुण्याच्या घरात ती मृत आढळली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता. पाहणारे कुणी नव्हते. उरली होती ती तिने मे आणि जून महिन्यांत बहिणीला व एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, माहेरी बोललेली काही वाक्ये आणि त्या रात्रीच्या घटनांचा वादग्रस्त क्रम. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्याच्या नावाने जगला. तिचे नाव निकालपत्राच्या आतल्या पानांत राहिले.

आपल्यासारख्यांना या प्रकरणात थांबायला लावणारी गोष्ट म्हणजे ती पत्रे. खालच्या न्यायालयांना त्या पत्रांत येऊ घातलेल्या खुनाची चाहूल दिसली: नवऱ्याचे दुर्लक्ष, सासरची भीती, एकटेपण. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फझल अली यांना त्याच पत्रांत आणखी एक शक्यता दिसली. फार हळवी, मनातले मनात ठेवणारी, संसाराकडून अपेक्षाभंग झालेली स्त्री स्वतःचे आयुष्य संपवू शकते, आणि पत्रांतला मजकूर त्या शक्यतेशीही जुळतो. ही पत्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत की नाही, यावर तिघा न्यायमूर्तींचा सूरही सारखा नव्हता. तीच पत्रे, तेच शब्द. एका वाचनात खून, दुसऱ्यात आत्महत्या. आपण वर्गात अर्थांच्या अनेकतेविषयी उत्साहाने बोलतो. त्या अनेकतेवर एका माणसाचा गळा अवलंबून असेल, तेव्हा काय करायचे, याचे उत्तर समीक्षेच्या पुस्तकांत मिळत नाही.

न्यायालयाने ते उत्तर नियमांच्या रूपात दिले. १९५२ च्या हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्यातली सूत्रे विकसित करून या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या गेल्या. निकालपत्रात त्यांना ‘पंचशील’ म्हटले आहे. माझ्या शब्दांत त्या अशा: निष्कर्ष ज्या परिस्थितीवरून काढायचा ती परिस्थिती स्वतः पूर्ण सिद्ध झालेली हवी. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हव्यात, अन्य कशाशी नव्हे. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. दोषाखेरीज दुसरी प्रत्येक वाजवी शक्यता त्यांनी नाहीशी केली पाहिजे. आणि साखळी इतकी पूर्ण हवी, की आरोपी निर्दोष असू शकेल असे मानायला वाजवी आधार उरू नये. विषप्रयोगाच्या प्रकरणात तर हेतू, विषानेच मृत्यू, विष आरोपीच्या ताब्यात असणे आणि ते देण्याची संधी, या चारही गोष्टी दिसाव्या लागतात. या खटल्यात सायनाइड आरोपीजवळ होते, हेच सिद्ध झाले नव्हते. तो रसायन अभियंता होता, एवढे होते. रसायनांचे ज्ञान असणे आणि त्या रात्री ते विष हाताशी असणे यांमधली जागा खालच्या न्यायालयांत अनुमानाने भरली गेली होती. शिवाय आरोपीविरुद्ध वापरलेल्या काही गोष्टींबद्दल त्याला खुलासाच विचारलेला नव्हता. ज्याविषयी विचारले नाही ते त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी तो खोटेपणा साखळीतली हरवलेली कडी होऊ शकत नाही, हेही याच निकालात आहे.

पहिल्या कसोटीत एक इंग्रजी भेद आहे. गोष्ट सिद्ध झालेली ‘असू शकते’ की ‘असलीच पाहिजे’, हा तो भेद. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या दोहोंतले अंतर फार लांबचे आहे, असे सांगितले होते. मराठीत हे अंतर क्रियापदात दिसते आणि मराठीतच ते सर्वांत सहज पुसलेही जाते. ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असलाच पाहिजे’, ‘आहे’, ही आपली शिडी. तिच्या मधल्या पायरीकडे जरा नीट पाहा. ‘माणूस प्रामाणिक असावा’ यात वाख्यात कर्तव्य सांगते. ‘मुलगी सुखात असावी’ यात इच्छा आहे. ‘तो घरी असावा’ यात तर्क आहे. तिन्हींना रूप एकच. आता ‘खुनी हाच असावा’ हे वाक्य घ्या. बोलणारा तर्क करतो आहे, की त्याची तशी इच्छा आहे? व्याकरण याचे उत्तर देत नाही. संदर्भावरून ठरवा, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पण बोलणाऱ्यालाच ते ठाऊक नसेल तर? गावात प्रेत सापडते, भीती पसरते, पोलिसांवर दबाव येतो आणि सगळ्यांना कुणीतरी सापडायला हवे असते. त्या क्षणी ‘असावा’ मधली इच्छा तर्काचा वेश घेते. दोषारोपपत्र लिहिले जाईपर्यंत क्रियापद वरच्या पायरीवर पोचलेले असते: ‘आहे’.

हे क्रियापद चढताना मी एकदा जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात मला पंच म्हणून बोलावले होते. सरकारी वा अनुदानित संस्थांतल्या नोकरदारांना अशी बोलावणी येतातच. जागा एका पडक्या खोलीची होती. लिहून झालेला पंचनामा सहीसाठी पुढे आला, तो मी सवयीने उत्तरपत्रिकेसारखा वाचला. ‘भिंतीवर रक्ताचे डाग दिसून आले’ असे वाक्य होते. मला दिसले होते ते तांबूस डाग. मी म्हटले, “साहेब, हे ‘रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग’ असं करता का?” लिहिणारे गृहस्थ वयाने मोठे होते, दिवसभर उन्हात उभे राहिलेले. “सर, तुमचं मराठी कॉलेजात ठेवा हो,” ते वैतागून म्हणाले. मग दोन शब्द खोडून, वर नवे शब्द लिहून, शेजारी आम्हा दोघा पंचांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. भिंतीवर तांबूस डाग, आवारात मारहाणीची तक्रार. दुसरे काय असणार? ‘दुसरे काय असणार’ हा प्रश्न तपासाचा आरंभ असायला हवा होता. त्या दुपारी तो तपासाचा शेवट होऊ पाहत होता.

साखळी तुटकी असून पूर्ण दिसू शकते आणि ती एका नव्हे तर तीन न्यायालयांना पूर्ण दिसू शकते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले आहे. ५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातले दोघे जखमी होऊन वाचले. त्यांतल्या एका स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रांच्या नोंदवहीतून चार माणसे ओळखली. खटला चालला तो मात्र वेगळ्याच सहा जणांवर. सहाही भटक्या जमातींतले, हातावर पोट असलेले. पुढे ओळखपरेडीत त्यांची ओळख पटल्याचे नोंदले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. मग त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे सिद्ध झाले. तोही फाशीच्या सावलीत वर्षे काढून बसला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि तपासातल्या दोषी अधिकाऱ्यांचा शोध घ्यायला सांगितले. आधी ओळखलेल्या त्या चौघांचे काय झाले, त्यांचा तपास का झाला नाही, या प्रश्नाला सरकार पक्षाकडे उत्तर नव्हते. तो कागद २००३ पासून याच प्रकरणाच्या कागदपत्रांत होता. सोळा वर्षे तो कुणी वाचला नव्हता असे नाही. वाचून त्याला महत्त्व दिले नव्हते.

हे प्रकरण मी वर्गात सांगितले ते ‘उचल्या’ शिकवताना. लक्ष्मण गायकवाड यांचे हे आत्मकथन १९८७ चे. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गायकवाडांचे धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असले, तरी १९८२ मध्ये लातूर वेगळे होईपर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होते. म्हणजे हे पुस्तक शब्दशः आमच्या मातीतले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच पुरावा ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या मनातली नोंदवही रद्द झाली नाही. आपण ‘उचल्या’ शिकवताना बोलीचे, दारिद्र्याचे, दलित-भटक्यांच्या आत्मकथनपरंपरेचे मुद्दे लिहून देतो. त्यातला पुराव्याचा प्रश्न सहसा सुटतो: चोरी झाल्याबरोबर ज्याच्या दाराशी पोलीस येतात, त्याच्याविरुद्धची पहिली कडी घटना घडण्याआधीच तयार असते. साखळी तिच्यापासून सुरू होते म्हणून ती पूर्ण दिसते.

त्या तासाला मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग त्या बाई खोटं बोलल्या का?” वर्ग गप्प झाला. मला तो प्रश्न फार योग्य वाटला, कारण आरोपींच्या बाजूने बोलताना आपण नकळत त्या स्त्रीच्या विरुद्ध बोलू लागतो. जिच्या डोळ्यांदेखत घर संपले, ती खोटे कशाला बोलेल? मी सांगितले ते असे, की ओळखणे ही आठवणीची क्रिया आहे आणि आठवण ही दर वेळी नव्याने सांगितली जाते. अंधारात, मारहाणीत पाहिलेला चेहरा. नंतर दाखवलेली छायाचित्रे. नंतर ओळीत उभी केलेली माणसे. यांतले कोणते कोणत्यात मिसळले, हे तिला सांगता येणार नाही. ते तपासणे हे तिचे काम नव्हतेच. ते ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही. परिणाम असा झाला, की सहा निरपराध माणसांची वर्षे गेली आणि त्या स्त्रीलाही न्याय मिळाला नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली, की खरा गुन्हेगार सुटतो, हे साधे गणित ‘कुणीतरी लटकायला हवं’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

इथे कुणी म्हणेल, की अशाने सगळेच सुटतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. कृष्ण अय्यर यांनीही बोबडे खटल्यात संशयाच्या फायद्याची अतिरेकी भक्ती नको, असे बजावले होते. दोषी सहज सुटू लागले, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो, हेही त्यांनीच लिहिले. आणि त्याचे उदाहरण आमच्या भूम तालुक्याच्या शिवेपलीकडे आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली. निम्म्याच्या आसपास साक्षीदार फितूर झाले होते, त्यांत शाळेशी संबंधित माणसेही होती. इथे पुराव्याची बेरीज जुळली नाही हे खरेच आहे. पण नाशिकच्या प्रकरणात ती न जुळण्याचे कारण आणि खर्ड्यात ती न जुळण्याचे कारण एक नाही. तिथे हाती असलेला कागद बाजूला सारला गेला. इथे बोललेली वाक्ये बोलणाऱ्यांनीच परत घेतली. एका ठिकाणी साखळी बाहेरून जोडली, दुसऱ्या ठिकाणी आतून सोडवली. दोन्हीकडे न्यायालयापुढे आले ते उरलेले तुकडे.

मला या दोन प्रकरणांत एक समान गोष्ट दिसते. कुणाचा शब्द पुरावा मानायचा आणि कुणाचा मौनात घालवायचा, हे न्यायालयाच्या पायरीपूर्वीच गावाने ठरवलेले असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये (१९६७) खेळातल्या खटल्याची जागा कुजबुजीने घेतली आहे आणि बेणारेला शेवटी स्वतःशीच बोलावे लागते. आपण ते नाटक स्त्रीवरच्या सामाजिक हिंसेचे नाटक म्हणून शिकवतो आणि ते बरोबर आहे. पण ते पुराव्याचेही नाटक आहे. तिथे प्रत्येक साक्षीदार जे सांगतो ते ‘असेल’च्या पातळीवरचे आहे आणि निकाल मात्र ‘आहे’च्या पातळीवर लागतो. प्रेक्षकांना ते हास्यास्पद वाटते, कारण आरोपीचा पिंजरा लुटुपुटूचा आहे. खऱ्या पिंजऱ्यासमोर तेच घडते तेव्हा आपल्याला ते समजूतदारपणाचे वाटते.

एक शब्द आणखी तपासायला हवा. आपली वृत्तपत्रे ‘निर्दोष मुक्तता’ लिहितात. पुण्याच्या प्रकरणात, नाशिकच्या प्रकरणात आणि खर्ड्याच्या प्रकरणात, तिन्हीकडे हाच मथळा शोभला असता. पण तिन्हींचा अर्थ सारखा नाही. पुण्यात दोन वाचने उरली आणि आरोपीला अनुकूल असलेले वाचन कायद्याने निवडले. नाशिकमध्ये तपासाने उभी केलेली गोष्टच कोसळली. खर्ड्यात गोष्ट सांगणारेच उरले नाहीत. भाषेने या तिन्हींना एकाच शब्दात बांधले, म्हणून प्रत्येक निकालानंतर लोक एकतर न्यायालयावर चिडतात किंवा आरोपीची मिरवणूक काढतात. ‘सिद्ध झाले नाही’ हे वाक्य आपल्याला पूर्ण वाक्य वाटतच नाही. त्याला पुढे ‘म्हणजे केले नाही’ किंवा ‘म्हणजे पैसे चारले’ असे शेपूट लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. रहस्यकथेने ही सवय वाढवली असावी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी वाचकांना गुंतवून ठेवले; त्या जगात शेवटच्या पानावर प्रत्येक धागा जुळतो. खुनाच्या खटल्याच्या शेवटच्या पानावर बहुधा काही धागे लोंबतच राहतात, आणि प्रामाणिक निकालपत्र ते लोंबते धागे दाखवून देते.

साहित्याचा अध्यापक म्हणून माझी अडचण अशी, की मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना उलट सवय लावत आलो आहे, आणि तीही योग्यच आहे. कवितेचा अर्थ सांगताना तो संहितेशी ‘जुळतो’ एवढे मला पुरते. दुसरा विद्यार्थी दुसरा अर्थ जुळवून आणतो, त्यालाही मी गुण देतो. खुनाच्या पुराव्याला हा न्याय लावता येत नाही. तिथे जुळणे पुरत नाही, दुसरे काही जुळत नाही हे दाखवावे लागते. मात्र दोन्हीकडे लागणारी तयारी एकच आहे: मजकुरात जे लिहिले आहे आणि जे आपण त्यात घातले आहे, यांच्यामधली रेघ बोट ठेवून दाखवता येणे. यंदापासून एम.ए.च्या वर्गात ‘उचल्या’ बरोबर मी नाशिकच्या निकालाची काही पाने मराठीत सांगून वाचून घेतो आणि एकच काम देतो. प्रत्येक वाक्याचे क्रियापद अधोरेखित करा आणि शेजारी लिहा, हे कुणी पाहिले, कुणी ऐकले, कुणी मानले. पहिल्याच आठवड्यात मुले आपल्या गावातल्या बातम्यांवरही हाच प्रयोग करून आणू लागली. त्यांतल्या एका कात्रणात ‘संशयित’ हा शब्द मथळ्यात होता, दुसऱ्या परिच्छेदात त्याचा ‘आरोपी’ झाला होता आणि शेवटच्या ओळीत ‘नराधम’. मधल्या काळात नवा पुरावा कोणता आला, हे त्या मुलाने समासात पेन्सिलीने विचारले होते.